भिंतीपलीकडचा खराटा

१

शेळीचं दूध काढून झालं की फुस्का दिवा पेटवायची, पिठाची परात कमरेवर घ्यायची आणि जिना उतरून खाली जायची. पूर्वी हा जिना रात्री झोपायला वर जाण्यासाठी होता. आता झोपणं, राहणं, शेळी, कोंबड्या सगळं वरच होतं, आणि वरच्या मजल्याची खिडकी हेच घराचं दार झालं होतं. खिडकीतून पाय बाहेर टाकला की जमीन. त्या जमिनीखाली रस्ता होता, रस्त्यावरचं कारंजं होतं, समोरचं मामियाचं दारूचं दुकान होतं आणि फुस्काच्या वडिलांची पावाची भट्टी होती.

डोंगर फुटला त्याला बरीच वर्षं लोटली होती. राखेवर गवत आलं होतं, गवतावर पिवळ्या फुलांची झुडपं. शेजारच्या नुसेरिया गावचे लोक या जागेला आता नुसतं 'टेकडी' म्हणत. पोंपेई हे नाव टेकडीवर राहणारी थोडी माणसंच घ्यायची, आणि तीही आपसांत बोलताना. गाडल्या गेलेल्या घरांचे वरचे मजले जिथंजिथं डोकं वर काढून होते, तिथंतिथं एकेक बिऱ्हाड होतं.

फुस्काच्या घरातली भट्टीची खोली दगडी कमानीची होती, म्हणून टिकली. इथं परतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं, त्रेबियसनं, घमेल्या-घमेल्यानं ती उपसून काढली. आतली भट्टी धडधाकट निघाली, एक चीर नाही. भट्टीच्या डाव्या हाताला जात्यांच्या अंगणात जायचं दार होतं. त्या अंगणात मात्र जमिनीपासून छपरापर्यंत हलके खडे आणि राख गच्च भरली होती. खडे घरंगळून आत येऊ नयेत म्हणून त्रेबियसनं त्या दाराला आडव्या फळ्या ठोकल्या होत्या.

त्या सकाळी फुस्का कणीक मळत होती. मळता मळता तिच्या लक्षात आलं, की आपले हात कसल्यातरी ठेक्यावर चाललेत. तीनदा दाबायचं, एकदा आपटायचं. तीनदा दाबायचं, एकदा आपटायचं. तिनं हात थांबवले. ठेका थांबला नाही.

सर्र, सर्र, सर्र. टक्.

फळ्यांच्या पलीकडे कुणीतरी झाडत होतं.

तिला पहिल्यांदा भीती वाटली ती आवाजाची नव्हे. आपण किती दिवसांपासून या ठेक्यावर कणीक मळतोय, हे तिला आठवेना, त्याची वाटली.

२

"खडे बसतायत," त्रेबियस म्हणाला. "वजनानं खाली सरकतात. हे बघ." त्यानं मूठभर खडे घेऊन दुसऱ्या हातावर ओतले. सर्र आवाज आला.

"आणि टक्?"

"एखादा मोठा असेल त्यात."

"दर तीन वेळा?"

त्रेबियस हसला. तो मूळचा नुसेरियाचा. पोंपेईकरांची आणि नुसेरियाकरांची जुनी खुन्नस. एकदा आखाड्यातल्या खेळांच्या दिवशी दोन्ही गावांनी एकमेकांची डोकी फोडली होती, त्यात फुस्काच्या वडिलांचा एक दात गेला होता. तो दात आपल्याच बापानं पाडला, असं त्रेबियस लग्नापासून सांगत आला होता. खरंखोटं देव जाणे.

"तुमच्या गावचे उंदीरसुद्धा मोजून मापून चालतात वाटतं," तो म्हणाला. "आमच्याकडचे बापडे अडाणी."

तो खाली आला, फळीला कान लावून उभा राहिला. तेव्हा काहीच नव्हतं. त्यानं फळीच्या फटीत काठी घातली. वीतभर जाऊन काठी खड्यांना अडली.

"बघ. भरलेलं आहे. उंदरालासुद्धा जागा नाही."

"मग उंदीर नाहीत."

"फुस्का," तो म्हणाला, "तिथं कोणाला उभं राहायलाच जागा नाही गं."

हे तिलाही दिसत होतं. आपली अक्कल ठिकाणावर आहे, हे ती स्वतःला दिवसातून कितीदा तरी बजावायची. खडे बसतात तेव्हा आवाज होतो. बंद खोलीत आवाज घुमतो. जुन्या जागेत जुन्या गोष्टी आठवतात. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरी झाडताना खराट्यात अडकलेलं पीठ पाडायला तो उंबऱ्यावर आपटायची खोड तिच्या माहितीत एकाच माणसाला होती.

३

प्रिमा तिची थोरली बहीण. वडील गेल्यावर भट्टी तिनंच चालवली. पहाटे गाढवं जात्याला जुंपायची, दळण काढायचं, पाव लावायचे, आणि दिवसभर हातात खराटा. जात्यांचं अंगण म्हणजे सगळीकडे उडालेलं पीठ. ते तिला खपायचं नाही. फुस्का नुकत्या झाडलेल्या फरशीवरून मुद्दाम चालत जायची, आणि प्रिमा खराट्याचा दांडा तिच्या छातीला टेकवून तिला मागं लोटायची. "झाडलंय ना तिथं? पाय नको ठेवू!" हा दोघींचा रोजचा खेळ. प्रिमाचं लग्न ठरत होतं. मुलगा घंटेच्या गल्लीतल्या रंगाऱ्याचा होता, त्याची नखं कायम निळी असत, आणि त्यावरून फुस्का तिला इतकं चिडवायची की प्रिमा कणकेचे गोळे फेकून मारायची.

डोंगर फुटला तो दुपारी. दुसरा घाणा भट्टीत होता. गाडीभर दगड उलटावेत तसा आवाज झाला. दोघी धावत बाहेर आल्या तर डोंगराच्या डोक्यावरून धूर सरळ वर चढत होता, आणि खूप उंच जाऊन चहूकडे पसरत होता. मग वरून खडे पडायला लागले. लाह्यांसारखे, पांढरे, हलके. लागतसुद्धा नव्हते. समोरच्या मामियानं एक उचलून दाताखाली धरून पाहिला. मुलं अंगरख्याचा ओचा करून ते झेलायला लागली.

"आता हे कोण झाडणार?" प्रिमा म्हणाली. "मीच ना!" आणि तिनं खराटा उचलला.

ती झाडत राहिली आणि खडे पडत राहिले. घोट्यापर्यंत आले, मग पोटरीपर्यंत. सूर्य दिसेनासा झाला. छपराची लाकडं कण्हायला लागली, गाढवं दोर तोडायला लागली. फुस्कानं डोक्यावर उशी बांधली, दुसरी प्रिमापुढे धरली.

"दार अडलंय बघ," प्रिमा म्हणाली. "गाढवं तशीच मरतील. मी एवढं मोकळं करते, त्यांना सोडते, आलेच. तू पुढे हो. वेशीपाशी थांब."

फुस्का वेशीपाशी थांबली. गर्दीनं ढकलून पार नदीपर्यंत नेईतो थांबली. दुसऱ्या दिवशी पहाटे सार्नो नदीकाठच्या शेतातून तिनं पाहिलं. डोंगरावरून काळा ढग खाली उतरला. वर गेला नाही, जमिनीला चिकटून आला, पाणी उतारानं येतं तसा. तो शहरावरून गेला. त्या आधी अंधारात कुठंकुठं दिवे लुकलुकत होते, आरोळ्या ऐकू येत होत्या. नंतर काहीच नव्हतं. कित्येक दिवसांनी उजाडलं तेव्हा समोर नुसतं करडं माळरान होतं, आणि त्यातून वर आलेली थोडी छपरं.

आता फुस्काचे केस पिकायला लागले होते. थोरल्या बहिणीपेक्षा ती कधीच मोठी होऊन बसली होती.

४

मामिया रोज पाव न्यायला यायची. म्हातारी आता काठी टेकत चालायची, पण तोंड पूर्वी दुकानात चालायचं तेवढंच अजून चालायचं. आपल्या बुडालेल्या दुकानाच्या बरोब्बर वर, माळ्यावर, ती एकटी राहत होती.

"आज पाव करपलाय," ती म्हणाली. "लक्ष कुठाय तुझं? नुसेरियाकर मारतो की काय तुला?"

"मामियामावशी, तुला खाली कधी काही ऐकू येतं का?"

मामियानं पाव झोळीत टाकला. झोळीचं तोंड बांधलं. पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं.

"तुझ्याकडे कोण आहे?" तिनं विचारलं. "प्रिमा?"

फुस्कानं होकारार्थी मान हलवली.

"झाडत असेल. दुसरं काय येत होतं तिला!" म्हातारी बसली. "माझा नवरा, गाव्हियस, शीळ घालतो. जिवंत होता तेव्हा बेसूर घालायचा. मला वाटलं होतं इतक्या वर्षांत सुधारेल. कुठलं काय!"

"तू कधी बोलली नाहीस."

"इथं कोणीच बोलत नाही. तुला काय वाटलं, आम्ही सगळे या माळावर हवा खायला राहिलोय? माझ्या भाच्यानं नेपल्सला खोली दिली होती, समुद्र दिसायचा. महिन्यात पळून आले." ती हळू आवाजात म्हणाली, "ऐकत जा. ऐकायला काही हरकत नाही. पण उत्तर नको देऊस."

"का?"

"आपण बोललो की ते थांबतात."

"म्हणजे आवाज बंद होतो?"

"बंद नाही होत, बाई," मामिया म्हणाली. "थांबतात. आणि कान देऊन ऐकतात."

५

फुस्का ऐकत राहिली. खरं सांगायचं तर ते दिवस तिच्या आयुष्यातले बरे दिवस होते. ती लवकर खाली जायची, उशिरा वर यायची. सर्र, सर्र, सर्र, टक् चालू असताना पाव फुगत, भट्टी तापे, आणि डोळे मिटले की दाराबाहेर दुपार असायची. कधी त्या आवाजात गाढवाच्या खुरांचा आवाज मिसळे. एकदा अंजिराचा वास आला. अंगणात अंजिराचं झाड होतं, हे ती साफ विसरली होती.

त्रेबियसला ते दिसत होतं. एक दिवस तो मूठभर काळे वाल घेऊन खाली आला.

"आमची आजी घरातले मेलेले निघून जावेत म्हणून वाल टाकायची," तो म्हणाला. "मागं वळून न बघता."

"तू तर मानत नाहीस."

"मी कुठं मानतो? वालच मानत असतील तर बघू." त्यानं तोंड फिरवलं, हात मागं करून फळ्यांच्या फटीतून वाल आत टाकले आणि मागं न बघता जिना चढून गेला. थट्टा करत होता, पण पायऱ्या भराभर चढला.

दुसऱ्या दिवशी वाल बाहेर होते. सगळ्यात खालच्या फळीखालून, उंबऱ्याच्या अलीकडे, नीट एका ओळीत लोटलेले. केर लोटतात तसे. त्यांच्याबरोबर थोडी पांढरी भुकटी होती. फुस्कानं बोट ओलं करून ती चाखली. राख पुष्कळ वेळा नाकातोंडात गेल्यानं तिची चव ती ओळखून होती.

हे पीठ होतं. गव्हाचं, ताजं दळलेलं.

तिनं त्रेबियसला सांगितलं नाही. वाल गोळा करून कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांनी त्यांना चोच लावली नाही.

६

मग एके दिवशी मामिया पाव न्यायला आली नाही. दुपारपर्यंत वाट बघून फुस्का आणि त्रेबियस तिच्याकडे गेले. माळ्यावर कोणी नव्हतं. जमिनीतली झडप उघडी होती आणि शिडी खाली सोडलेली होती.

खाली दुकानाचा जेवढा कोपरा मोकळा होता, तेवढ्यात दोन माणसं जेमतेम उभी राहत. दगडी ओटा निम्मा बाहेर, निम्मा राखेत. ओट्यावर दिवा जळत होता, त्यात तेल भरपूर होतं. बाजूला तिची काठी टेकवून ठेवलेली. बाकी तिन्ही बाजूंना खड्यांच्या भिंती, कुठंही उकरल्याची खूण नाही, खाली एक खडा सांडलेला नाही.

"मामिया!" त्रेबियसनं हाक मारली.

"नको!" फुस्का ओरडली. तिनं त्याचं तोंड दाबलं.

आणि भिंतीच्या आत, फार लांब नाही, कुणीतरी शीळ घालत होतं. बेसूर. ती मध्येच थांबली. मग एक बाई हसली. म्हातारीचं हसू नव्हतं ते. ओट्यामागं उभी राहून, हातात पळी घेऊन, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं मामिया पूर्वी हसायची, ते हसू होतं. फुस्कानं ते इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

वर आल्यावर त्रेबियस बराच वेळ झडपेवर दगड रचत होता.

"तू ऐकलंस," ती म्हणाली.

"वारा होता."

"खाली वारा कुठून येणार?"

"फटीबिटीतून," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "उद्या आपण निघतोय. माझ्या भावाकडे. भांडीकुंडी आवर."

७

सकाळी गाढवावर सामान लादून झालं. परात तेवढी खाली राहिली होती. "मी आणतो," त्रेबियस म्हणाला. "नको, मीच जाते," असं ती म्हणाली, आणि तो काही बोलायच्या आत उतरलीसुद्धा.

आवाज चालू होता. इतका जवळ कधीच नव्हता. फळ्यांच्या अगदी पलीकडे, उंबऱ्यावर.

फुस्कानं परात उचलली. जिन्यापर्यंत गेली. इथून गेल्यावर हा आवाज पुन्हा नाही, हे तिला एकदम उमगलं. नुसेरियात कोणी प्रिमाला पाहिलेलं नव्हतं. तिथं तिच्याबद्दल बोलायला सुद्धा कोणी नव्हतं. परात तिच्या हातातून कधी खाली ठेवली गेली, तिला कळलं नाही.

"ताई," ती म्हणाली.

खराटा थांबला.

फळ्यांच्या फटीतून उजेड आला. दिव्याचा नव्हे. उन्हाचा, दुपारचा, तिरपा. त्यात पिठाचे कण उडत होते. फुस्कानं भट्टीतला लोखंडी गज घेतला आणि मधल्या फळीत घालून ओढला. खिळे सहज निघाले.

पलीकडे अंगण होतं. किती मोठं, कसं, हे ती नंतर कधीच सांगू शकली नाही. जात्याचा काळा दगड दिसला. झाडलेली फरशी दिसली, खराट्याच्या ओळी उमटलेली, ओलसर. लांब कुठंतरी मामिया हसत होती, मुलं ओरडत होती. फुस्कानं हात आत घातला. हाताला ऊन लागलं.

तेवढ्यात त्या स्वच्छ फरशीवर एक पांढरा खडा पडला. टिक्. मग दुसरा.

मग तिला समजलं, की पलीकडे कोणता दिवस आहे, आणि मामिया कुठल्या दिवसात हसत गेली आहे. पण तिचा पाय उंबऱ्यावर पडला होता, आणि तो मागं घ्यावा असं तिला वाटत नव्हतं. आत जावं, खडे पडतील तेवढे दोघींनी मिळून झाडावेत. गाढवं सोडायला दोघींना कितीसा वेळ लागेल?

फळीच्या कडेनं कोपरापर्यंत पिठानं माखलेला एक हात आला. त्या हातात खराटा होता. दांड्याचं टोक फुस्काच्या छातीला टेकलं.

"अजून इथंच?" प्रिमा रागावून म्हणाली. "पुढे हो म्हटलं ना तुला!"

आणि तिनं लोटलं.

फुस्का मागं पडली ती त्रेबियसच्या अंगावर. तो कधी खाली आला होता, तिला माहीत नव्हतं. त्यानं तिला काखेत धरून ओढलं. समोर उजेड विझला, उरलेल्या फळ्या फुगल्या, तडकल्या, आणि गव्हाचं पोतं फाटावं तसे खडे आत कोसळले. परात गेली, दिवा गेला, भट्टीचं तोंड बुजलं. दोघं पायऱ्यांवर पडत-उठत वर आली तेव्हा खडे त्यांच्या मागोमाग शेवटच्या पायरीच्या खालपर्यंत येऊन थांबले. थोडा वेळ ते बसल्याचा आवाज येत राहिला. त्यात काही ठेका नव्हता.

८

त्या हिवाळ्यात फुस्का दिराच्या भट्टीवर कामाला लागली, आणि पुढे तिचे पाव नुसेरियात नावाजले गेले. टेकडीवरची बाकीची बिऱ्हाडं हळूहळू कमी होत गेली म्हणतात. कोण कुठं गेलं, हे विचारायला ती दोघं कधी परतली नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ती दोघं नदीच्या वाटेनं चालत होती. त्रेबियस पुढे, गाढवाचा दोर धरून. त्याच्या केसांत राख होती. मागं टेकडीवर दोन-तीन खिडक्यांतून स्वयंपाकाचा धूर निघत होता. फुस्का रडली नव्हती. छातीवर जिथं दांडा टेकला होता तिथं दुखत होतं, आणि ते दुखणं जाऊ नये म्हणून ती तिथं हात दाबून चालली होती.

सार्नोच्या पुलावर त्रेबियस थांबला. गाढव पुलाच्या कडेच्या गवताला लागलं. तो कठड्याला टेकला.

"तुझी ताई," तो म्हणाला. "तू इतकं सांगायचीस, ताई असं म्हणायची, ताई तसं करायची. मला वाटायचं, चांगली थोराड बाई असेल."

त्यानं दोराचं टोक मुठीभोवती गुंडाळलं.

"पोरच आहे की गं ती," त्रेबियस म्हणाला.

"हो," फुस्का म्हणाली. मग पुलावरच खाली बसली आणि रडली. तो दोर हातात धरून तिच्याजवळ उभा राहिला, तिचं रडून होईपर्यंत.